साखर आहे का?

२ जानेवारी १९७९, मंगळवार

ही डायरी कंपनीला ऑइल पुरवणाऱ्या पार्टीनं वाटली. साहेबांना चामडी पुठ्ठ्याची, आम्हाला रेक्झिनची. दर पानाखाली एक सुविचार छापलाय. आजचा : 'वेळ हेच धन.' म्हणजे सुरुवातच मॅनेजमेंटच्या बाजूनं झाली.

लिहायला कारण घडलंय. मी साहेबराव ओव्हाळ, ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चाकावर लोखंड घासणारा. बारा वर्षं सेकंड शिफ्ट केली. दुपारी आत जायचं, मध्यरात्री बाहेर यायचं. इतरांच्या शिफ्टा फिरतात, माझी रुतून बसली, कारण मी कधी नाही म्हटलं नाही. आता टूलरूमला माणूस हवा होता म्हणून आजपासून मला जनरल, म्हणजे दिवसाची शिफ्ट मिळाली. फोरमन म्हणाले, "तीन महिने बघा, ओव्हाळ. जमलं तर कायम करू. नाही जमलं तर सेकंड शिफ्ट कुठं पळून जात नाही."

संध्याकाळी चाळीत शिरलो तेव्हा चक्क ऊन होतं. आमच्या चाळीत संध्याकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं हे मला आज कळलं. यशी, माझी अकरा वर्षांची मुलगी, दारात लंगडी खेळत होती. मला बघून म्हणाली, "पप्पा, ताप आलाय का?" आतून कस्तुरा आली, तीही दचकली. आजपासून जनरलला जाणार हे मी तिला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि नवरा उजेडात उभा दिसणं वेगळं.

तेवढ्यात शेजारच्या शालनबाई रिकामी वाटी घेऊन आल्या. मला बघून उंबऱ्यातच थबकल्या.

"साखर आहे का?"

"न्हाई हो शालनबाई, संपली," कस्तुरा म्हणाली.

बाई आल्या पावली परत. माझी नजर फळीवर गेली. डबा चांगला अर्धा भरलेला होता. बायकोचा हात एवढा आखडता आहे हे लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर कळलं.

जेवताना मात्र चुकल्यासारखं वाटलं. सेकंड शिफ्टला असताना मी घरी यायचो तेव्हा मायलेकी झोपलेल्या असायच्या. बूट बाहेर काढायचो, झाकलेलं ताट उघडायचो आणि जेवता जेवता कस्तुराला दिवसभराचं सगळं हळू आवाजात सांगायचो. तिला काय ऐकू येणार, तिची झोप म्हणजे दगड. पण सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. आज ती समोर जागी बसली होती, तर "मीठ दे" याच्यापुढं मला काही सुचलं नाही.

४ जानेवारी, गुरुवार

आमच्या कंपनीचा रविवार गुरुवारी येतो. सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुट्टी घ्यायची नाही असा विजेचा हिशोब आहे. बारा वर्षं हा दिवस मी झोपून घालवला. आज ठरवलं, बस्स. या बाईनं घर आणि नळ सोडून काय बघितलंय? तिला पिंपरी दाखवायची.

सकाळीच मायलेकींना घेऊन कॅम्पात गेलो. तिथं एका सिंधी माणसाच्या गाडीवर दाल-पकवान मिळतं. मला भीमराजनं सांगितलं होतं. भीमराज म्हणजे माझा कंपनीतला दोस्त आणि आमच्या भीमजयंती मंडळाचा सेक्रेटरी. पकवान म्हणजे पुरीसारखंच, पण पापडासारखं कडक. वर दाट डाळ, कांदा, चिंचेची चटणी. मी कस्तुराला समजावून सांगितलं, "हे असं मोडायचं आणि डाळीत बुडवायचं." ती म्हणाली, "अगंबाई, असं व्हय?"

गाडीवाला तिला म्हणाला, "आओ भाभीजी, चटणी ज्यादा ना? और तानुमौसी नहीं आयी?" सिंधी लोक धंद्यात हुशार असतात. पहिल्याच खेपेला गिऱ्हाईकाला जुनी ओळख दाखवतात. यशी आईच्या पदराआड तोंड लपवून हसत होती. पोरीला ठसका लागला असावा.

९ जानेवारी, मंगळवार

चाळीतल्या बायकांना झालंय काय? काल सोजराबाई साखर मागायला आली. आज तानुबाई. मग पुन्हा शालनबाई. बरोब्बर सहाला येतात, मला बघतात, साखर विचारतात, कस्तुरा नाही म्हणते, जातात. पूर्वी रेशनची रांग होती तेव्हा समजण्यासारखं होतं. आता साखर खुली झाली, वाण्याकडे पोत्यानं पडलीय, स्वस्तही झालीय. तरी यांचं वाटीशिवाय भागत नाही. एवढा चहा पितात तरी कधी?

आणि कस्तुराचंही कळत नाही. दिवसातून दहादा नाही म्हणते, पण चेहरा असा करते की जणू बाईचं फार मोठं नुकसान झालंय.

१७ जानेवारी, बुधवार

आज मैदानावर प्रचार खात्याची सिनेमाची गाडी आली होती. मी साडेपाचलाच सतरंजी टाकून जागा धरली. पडदा लावल्यावर कळलं की मी पडद्याच्या मागच्या बाजूला बसलोय. उठायची सोय नव्हती, चहूकडून माणूस. मग आम्ही सगळा सिनेमा उलटा बघितला. नायक डावखुरा होता आणि सगळी अक्षरं अरबी वाटत होती. भीमराज पुढच्या बाजूनं ओरडून सांगत होता, "साहेबराव, तिकडं शेवट आधी दिसतो का?"

हसून हसून पोट दुखलं. मजा आली, खरंच आली. एवढी वर्षं ही गाडी येत होती आणि मी तिकडं चाकावर पाणी मारत बसलो होतो.

कस्तुराचं लक्ष मात्र सिनेमात नव्हतं. तिचे ओठ सारखे हलत होते. मी विचारलं, "काय म्हणतेस?" ती म्हणाली, "काय न्हाई, बुद्धवंदना म्हणतीया." सिनेमात वंदना! पण चांगलं आहे, मी अडवलं नाही.

२४ जानेवारी, बुधवार

माझा कंपनीचा जुना निळा शर्ट दोरीवरून गेला. टोपीपण सापडत नाही. चाळीत चोर शिरलाय. मी चौकशी करतो म्हटलं तर कस्तुरा म्हणाली, "जाऊ द्या हो, कुणा गरिबानं नेला असंल." तिचं मन मोठं आहे. फक्त साखरेच्या बाबतीत नाही.

३० जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस डायरीत लिहून ठेवण्यासारखा आहे. लवकर सुटलो, कस्तुराला सायकलवर डबलसीट घेतलं आणि चिंचवडला नदीच्या घाटावर नेलं. हे माझ्या मनात किती वर्षांपासून होतं! जागेपणी तिच्यापाशी कधी बोललो नव्हतो. बोलून न जमलं तर काय करा?

"घाटावर तुमच्याबरोबर पहिल्यांदाच आले," ती म्हणाली. पण पायऱ्यांकडे जायच्या बोळात तीच पुढं होऊन शिरली. बायकांना रस्त्याचं उपजतच कळतं. पवनेचं पाणी संथ होतं. पलीकडे कुणी म्हशी धूत होता. आम्ही पायरीवर बसून स्टेशनजवळच्या गाडीवरून आणलेली भेळ खाल्ली. कैरीचे दिवस नाहीत म्हणून भेळवाल्यानं वर मुळा किसून दिला होता. मुळ्याची भेळ वाईट लागत नाही. येताना ट्यूब पंक्चर झाली आणि आम्ही चालत आलो.

वाटेत तिनं विचारलं, "अहो, चालताना तुमचा डावा खांदा खाली का पडतो?"

मी म्हटलं, "डब्याच्या पिशवीनं. बारा वर्षं त्याच खांद्याला आहे."

"आणि बोलायच्या आधी नाक का चोळता?"

बायकोनं इतक्या वर्षांनी माझ्याकडं इतकं निरखून बघितलं. लिहायला लाज वाटते, पण मी फार खूश झालो. ती मागं मागं चालत होती आणि माझ्या पावलांकडे बघत होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज चांगलं नाही झालं.

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर दाराबाहेर कस्तुरा आणि तानुबाई बोलत होत्या. तानुबाई चाळीतली सगळ्यांची मोठी, सगळे तिला मावशी म्हणतात. ती म्हणत होती, "अगं, रोज घरातच असत्यात, कसं व्हायचं?" कस्तुरा म्हणाली, "काय करू मावशी. हे सेकंड शिफ्टला होते तेच बरं होतं."

मी तसाच पडून राहिलो. यशीनं चहा आणला तेव्हा उठलो. साखर व्यवस्थित होती.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

फोरमनला सांगितलं की मला जनरल जमत नाही, परत सेकंडला घ्या. ते म्हणाले, "लोक जनरलसाठी पाया पडतात आणि तुम्ही उलटे. घाई करू नका. मार्चअखेर मला नक्की काय ते सांगा." घरी काही बोललो नाही. माझं काय चुकतंय ते मला कळत नाही. फिरवलं, खाऊ घातलं, तिच्या कामात लुडबूड केली नाही. तिला मी घरात नकोच असेन तर मग बारा वर्षं चाललं होतं तेच चालू दे. पण मला आता संध्याकाळची सवय लागलीय. साठी गाठली तरी ती सुटेल असं वाटत नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू आणि कसं लिहू! हसू अजून थांबत नाही.

काल रागाच्या भरात वाण्याकडून पाच किलो साखर आणली. म्हटलं, सेकंडला परत जाताना तरी या बाईला कुणाला नाही म्हणायची वेळ यायला नको. आज संध्याकाळी कस्तुरा यशीला घेऊन भाजीला गेली होती. मी एकटाच होतो. सहाच्या ठोक्याला सोजराबाई दारात.

"भाऊ... साखर आहे का?"

मी असा काही खूश झालो! म्हटलं, "आहे! भरपूर आहे! चाळीत सगळ्यांना सांगा, ओव्हाळांकडे साखर आहे!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "खरं म्हणता? म्हंजे तुम्हाला... कस्तुरानं सांगितलं वाटतं?"

"सांगायचं काय त्यात? घर तुमचंच आहे. या सगळ्या!"

"आत्ता आणते बोलवून," म्हणाली आणि पळाली. मी चहा करून घेतला, मग मोरीत तोंड धुवायला गेलो. तोंडाला साबण लावला आणि बाहेर पावलं वाजायला लागली. टॉवेल शोधत एक डोळा उघडून खोलीत आलो, तर खोलीत आठ-नऊ बायका! शालनबाईंनी धोतर नेसून डोक्याला पटका बांधला होता. सोजराबाईला काजळाच्या मिशा. एकीच्या हातात थाळी, एकीच्या गळ्यात शिट्टी. मध्ये तानुबाई उभी राहून म्हणत होती, "आधी वाण्याचा प्रवेश घेऊ."

मला बघून शालनबाई किंचाळल्या. त्यांना बघून मी किंचाळलो. तोंडात साबण गेला.

"दादा," तानुबाई म्हणाली, "तुम्हीच म्हणाला ना साखर हाय?"

"आहे की! पाच किलो आहे!"

"आवं, पर मग तुमी घरात कसं?" शालनबाई पटका सावरत म्हणाल्या.

तेवढ्यात कस्तुरा दारात. हातातली मेथीची जुडी खाली पडली. यशी म्हणाली, "संपलं."

मग सगळं बाहेर आलं. गेल्या जयंतीला बायकांनी नाटक करायचं म्हटलं होतं. तेव्हा मंडळाच्या बैठकीत भीमराजनं विचारलं होतं, "मग पोळ्या कोण लाटणार?" आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. बायकांनी ते मनात ठेवलं. दिवाळीपासून त्यांनी गुपचूप तालमी सुरू केल्या. तानुबाई सांगणार, यशी लिहून घेणार. जागा आमचीच खोली, कारण सगळ्या चाळीत संध्याकाळी नवरा नसलेलं घर तेवढं एकच. दुसऱ्या नवऱ्यांना कळू नये म्हणून खूण ठरली : 'साखर आहे का?' आहे म्हटलं की तालीम. नाही म्हटलं की घरात विघ्न. दोन जानेवारीपासून विघ्न म्हणजे मी.

मी म्हटलं, "म्हणजे या घरात साखर असणं म्हणजे मी नसणं."

माझ्या तोंडाला अजून फेस होता, त्यामुळं वाक्याला पाहिजे तेवढं वजन आलं नसावं, कारण सोजराबाई मिशीआड हसायला लागली. मग मलाही हसू फुटलं. मग सगळ्याच.

बायका गेल्यावर मी कस्तुराला सांगितलं की मी परत सेकंड शिफ्ट मागितलीय. ती केवढी चिडली!

"मला न विचारता?"

"तूच म्हणालीस ना, सेकंड शिफ्ट बरी होती म्हणून?"

"नाटकासाठी म्हणाले! नाटक चौदा एप्रिलला संपतंय. तुम्ही काय चौदा एप्रिलला संपणार आहात का?"

मी नुसतं नाक चोळलं. ती माझ्याकडं फार रागानं बघत होती आणि मला फार बरं वाटत होतं. पाच किलो साखरेचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच.

१ मार्च, गुरुवार

तालीम रीतसर सुरू आहे. मला बघायची परवानगी नाही. "नवऱ्यांनी न्हाई बघायचं," हा तानुबाईचा हुकूम. माझ्याकडे दुसरं काम दिलंय. तालमीच्या वेळी चाळीतली सगळी पोरं माझ्या ताब्यात. मी बाहेर पडताना आत एकदा कस्तुराला बघितलं. माझा चोरीला गेलेला शर्ट तिच्या अंगावर, डोक्याला माझी टोपी. तिला बहुतेक मुकादमाचं काम दिलंय. चालते पण अगदी तशीच, एक खांदा पाडून, ओझं वाहिल्यासारखी. कुणाला बघून शिकली कोण जाणे. मी म्हटलं, "मुकादम झकास जमलाय." तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसत खाली बसल्या.

आज भीमराजकडून जयंतीच्या कार्यक्रमात अर्धा तास मिळवला. "साहेबराव ओव्हाळ आणि मंडळी" असं नाव दिलं. त्याला वाटलं भीमगीतं असतील. म्हणाला, "तू गाणार?" मी म्हटलं, "मंडळी गातील."

१२ मार्च, सोमवार

पोरांची ड्यूटी ग्राइंडिंगपेक्षा अवघड आहे. ग्राइंडरला निदान बंद करायचं बटण असतं. आज बारा पोरं घेऊन कॅम्पात कुल्फी खायला गेलो. परत निघताना मोजली तर तेरा भरली. तेरावा एका सिंधी दुकानदाराचा नातू निघाला. कुल्फी संपेपर्यंत तो आपण कुणाचे आहोत हे सांगायला तयार नव्हता. दुकानदारानं वर आम्हाला खारी शेव बांधून दिली. पोरांनी माझं नाव साखरकाका ठेवलंय. सगळ्या रस्त्यानं त्याच नावानं हाका मारत होती.

२२ मार्च, गुरुवार

टूलरूममधल्या सोनबानं त्याच्या गावाकडं चऱ्होलीला बोलावलं होतं. शेजारच्या वाडीची जत्रा, बैलगाड्यांची शर्यत. "आवं साहेबराव, या की! पोरंबी आना समदी. आमची म्हातारी लापशी करतीया, तुमी काय नगं म्हनू नगा." सगळी पलटण एसटीनं नेली.

आमच्या चाळीतल्या पोरांनी बैल बघितला तो रॉकेलची गाडी ओढणारा. इथं गुलालानं माखलेली बैलं शर्यतीच्या घाटातून अशी सुटली की धुरळ्यात गाडाच दिसेना. सोनबा माझ्या खांद्यावर उडी मारून ओरडत होता. त्याचा गाडा तिसरा आला तरी त्यानं पहिला आल्यासारखा नाच केला. त्याच्या आईनं अंगणात पंगत मांडली आणि पोरांच्या पानात लापशीवर गूळ किसून घातला. शिवरायांच्या काळचा वाटावा असा पितळी तांब्या पोरांत फिरत होता. येताना सगळी पोरं माझ्या अंगावर झोपली. एक खांदा डब्यामुळं खाली होता, आता दोन्ही एका पातळीत आले.

घरी येऊन कस्तुराला हे सगळं सांगायचं होतं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "काय काय झालं?" मी म्हटलं, "छान झालं." तेवढंच.

२९ मार्च, गुरुवार

उद्या-परवा फोरमनला सांगायचंय. दिवस मजेत जातात, यात शंका नाही. पण खरं ते इथं तरी लिहावं. कस्तुरा जागी असली की माझी जीभ टाळूला चिकटते. सेकंड शिफ्टला असताना मी तिच्याशी जास्त बोलायचो. ती झोपलेली असायची ही गोष्ट वेगळी. पोरांना मी हवाय, तालमीला खोली हवीय. पण चौदा एप्रिलनंतर या घरात संध्याकाळी आम्ही दोघं समोरासमोर बसणार आणि मी मीठ मागणार. अशानं तिला माझा कंटाळाच येईल. त्यापेक्षा मध्यरात्रीचा नवरा बरा, निदान त्याच्याकडं सांगायला काहीतरी असतं.

फोरमनकडून जयंती होईपर्यंत मुदत मागून घेणार आहे.

१४ एप्रिल, शनिवार

सगळं सावकाश लिहितो.

सकाळी मिरवणूक. निळे झेंडे, लेझीम, चाळीच्या दारादारात रांगोळी. सोनबा चऱ्होलीहून टोपी घालून आला. दुपारी खीर वाटली. ती आमच्या साखरेची होती, पाच किलोचा प्रश्न असा सुटला. संध्याकाळी स्टेजसमोर मैदान भरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जयंतीच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसलो होतो. आणि यावेळी पडद्याच्या पुढच्या बाजूला होतो.

भीमराजनं माईकवर सांगितलं, "आता साहेबराव ओव्हाळ आणि मंडळी." मी जागेवरून हललो नाही. तो मला खुणा करतोय, तोच पडदा सरकला आणि यशी पुढं आली. "नाटक, दुसरी पाळी," ती म्हणाली. "यातली सगळी माणसं बायका आहेत."

पहिली दहा मिनिटं मैदान नुसतं खदखदत होतं. शालनबाईंचा वाणी मापात मारत होता. सोजराबाईचा सेक्रेटरी मिशीला पीळ देत म्हणाला, "नाटक करताय ते ठीक, पण मग पोळ्या कोण लाटणार?" बायकांच्या बाजूनं अशी आरोळी उठली की भीमराज खुर्चीत खाली खाली गेला. मग त्यानंच पहिली टाळी वाजवली. गडी दिलदार आहे.

मग कस्तुरा आली. निळा शर्ट, टोपी, खांद्याला डब्याची पिशवी, एक खांदा खाली. बोलायच्या आधी तिनं नाक चोळलं. सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, "साहेबराव!" मीही हसत होतो. हसता हसता कळलं की तो मुकादम नाही. चाळीत सगळ्यांना कळून गेलं होतं, मला सगळ्यात शेवटी.

नंतर स्टेजवर एक गोधडी पसरली. तिच्यावर एक बाई भिंतीकडं तोंड करून झोपली. कस्तुरानं बूट बाहेर काढले. एकमेकांना लागून वाजू नयेत म्हणून एक एक करून ठेवले. ताटावरचं झाकण उचललं आणि वाजू न देता मांडीवर धरलं. मैदान हळूहळू शांत झालं. ती झोपलेल्या बाईकडं बघून हळू आवाजात बोलायला लागली.

"आज कॅन्टीनला गुळाची पोळी होती. एक तुझ्यासाठी रुमालात बांधली होती. पण सायकलवर तिचा चुरा झाला, म्हणून मीच खाल्ली. रागावू नको."

मी जागेवरच पुढं सरकलो. पोळीची गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही.

"यशीचा निकाल लागला का? सकाळी मला उठवून सांग. मी झोपलेला असलो तरी उठव."

"आज चाकाचा तुकडा उडाला. डोळ्याला लागला नाही, भुवईला लागला. तुला दिसू नये म्हणून उद्या टोपी खाली ओढून बसेन. तू काळजी करतेस."

आणि मग ती थोडी थांबली, नाक चोळलं आणि म्हणाली, "तुला एकदा चिंचवडच्या घाटावर न्यायचंय. सायकलवर. सवड मिळू दे."

मी रडलो. पुढच्या रांगेत, सगळ्यांसमोर, टॉवेल नसताना. सोनबानं त्याची टोपी काढून माझ्या हातात दिली. तो स्वतः सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता. पडदा पडल्यावर टाळ्या किती वेळ वाजल्या ते मला सांगता येणार नाही.

१६ एप्रिल, सोमवार

दोन दिवस रजा काढली होती, पण काल दिवसभर घरात पाहुणे. कस्तुराशी बोलायला मिळालं ते आज सकाळी, चहाच्या वेळी. यशी शाळेत गेली होती. मी बराच वेळ नाक चोळलं.

"तू जागी असायचीस?"

"रोज."

"बारा वर्षं?"

"मग ऐकणार कोण होतं? भिंत?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "बोलले असते तर तुम्ही थांबला असता."

खरंच थांबलो असतो. मग मी विचारलं, "आणि तो घाट? तू आधी बघितलेला होतास ना?"

"चिक्कार वेळा. दाल-पकवानपण. तानुमावशी आणि आम्ही सगळ्या जायचो." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "पण तुमच्याबरोबर पहिल्यांदाच. खोटं न्हाई बोलले."

कंपनीत गेल्या गेल्या फोरमनला सांगितलं, जनरल कायम करा. ते म्हणाले, "नक्की? परत उलटणार नाही ना?" मी म्हटलं, "घरी विचारलंय."

संध्याकाळी आलो तेव्हा भिंतीवर ऊन होतं. यशी आणि पोरं "साखरकाका" म्हणून ओरडत अंगावर आली, त्यांना पिटाळून आत गेलो. आता तालीम नाही, दारात कुणी वाटी घेऊन येणार नाही. कस्तुरा स्टोव्हपाशी भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो. तिनं ताट वाढलं. मी मीठ मागणार एवढ्यात तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, स्टोव्ह बारीक केला, हात पुसले, माझ्या ताटावर झाकण ठेवलं आणि समोर भिंतीला टेकून बसली.

तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "झोपले मी. सांगा आता."

मी बाहेर बघितलं, अजून उजेड होता. ताटावरचं झाकण मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली, आज टूलरूममध्ये सोनबानं काय केलं ते.